अजून थोडा वेळ हाच टॉवर

काही वर्षं माझं पोट लोकांचे कॉल कट होण्यावर चाललं. कॉल कुठे आणि का तुटतात हे गाडीतून फिरत मोजायचं, त्या कामाला ड्राइव्ह टेस्ट म्हणतात. बोलेरोच्या मागच्या सीटवर मांडीवर लॅपटॉप, पुढे डॅशबोर्डवर टेपने चिकटवलेले तीन-चार फोन, टपावर लोहचुंबकाने बसवलेली जीपीएसची डबी आणि समोर सांगली जिल्ह्यातले रस्ते. एका फोनवर कॉल लावून तसाच धरलेला, दुसरा ठरावीक वेळाने कॉल तोडून परत लावणारा, तिसरा नुसता गप्प बसलेला. गाडी जाईल तसा स्क्रीनवरच्या नकाशात ठिपक्यांचा माग उमटत जायचा. हिरवा, पिवळा, लाल. आमचे ड्रायव्हर तात्या आरशातून तो बघायचे आणि लाल दिसला की त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. "तात्या, रेंजला खड्डे नसतात," मी म्हणायचो. "सवय हाय ओ," एवढंच उत्तर.

कॉल कट होतो तो रेंज नसते म्हणून, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. तसंही होतं. पण आम्हाला जिथे पुन्हा पुन्हा पाठवायचे तिथे बहुतेक वेळा रेंज भरपूर असायची. या टॉवरची असायची, त्या टॉवरचीही असायची. कॉल मरायचा तो एकाकडून दुसऱ्याकडे जाताना. आमच्या भाषेत हँडओव्हर फेल. नवा टॉवर सापडणं हे त्यातलं सोपं काम. चालू टॉवर सोडायचा कधी आणि ते ठरवायचं कुणी, सगळी मारामारी त्यावर.

शहराचे छोटे छोटे भाग पाडायचे, प्रत्येक भागाला कमी ताकदीचा टॉवर द्यायचा, म्हणजे त्याच लहरी थोड्या अंतरावर पुन्हा वापरता येतात, ही कल्पना अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९४७ साली कागदावर उतरली होती. पण गाडीत बसून बोलणारा माणूस एका भागातून दुसऱ्यात गेला तर त्याचं बोलणं न तोडता पुढे कसं न्यायचं, याची यंत्रणा त्याच संस्थेतल्या अमोस जोएल यांनी मांडली आणि तिचं पेटंट मिळालं १९७२ मध्ये. पहिल्या पिढीच्या फोनला यात काही कामच नव्हतं. त्याचा आवाज किती क्षीण झाला हे आजूबाजूचे टॉवरच ऐकायचे आणि ठरवायचे. जीएसएम म्हणजे दुसरी पिढी, टूजी, आल्यावर फोनला मोजणीचं काम लागलं. बोलणं चालू असताना टूजीचा साधा फोनसुद्धा दर ४८० मिलिसेकंदांनी टॉवरला कळवत असतो: तुझा जोर इतका, आणि आसपासच्या सहा तगड्या शेजाऱ्यांचा इतका इतका. तुम्ही बायकोला "पोचलो" एवढं सांगेपर्यंत त्याची दोन-तीन पत्रकं जाऊन पडलेली असतात.

मात्र निर्णय त्याचा नाही. चालू कॉलमध्ये फोन फक्त मोजतो आणि कळवतो. "आता तिकडे जा" हा हुकूम नेटवर्ककडून येतो. फोन खिशात नुसता पडून असला तर उलट. तेव्हा कुणाच्या छत्राखाली बसायचं हे त्याचं तो ठरवतो, नेटवर्कने नियम तेवढे घालून दिलेले असतात. डॅशबोर्डवरच्या त्या गप्प फोनचं काम हेच होतं. बोलणारे दोन फोन एका टॉवरवर आणि गप्प बसलेला भलत्याच टॉवरवर, असं पुष्कळदा दिसायचं. शेजारी शेजारी चिकटवलेले, तरीही.

आता प्रश्न असा की शेजारचा टॉवर जास्त जोरात ऐकू येऊ लागला की लगेच का जात नाहीत? विश्रामबागच्या चौकात उभं राहून मोजणी बघितली की कारण समजतं. दोन टॉवरच्या मधोमध फोन धरला तर आकडे स्थिर राहतच नाहीत. बस आडवी गेली, माणूस वळला, हात कानाकडून खाली आला, की एक चार डेसिबलने पडतो आणि दुसरा चढतो. दर वेळी ऐकून उडी मारायची ठरवली तर फोन दिवसभर इकडून तिकडे, तिकडून इकडे करत राहील. याला आम्ही पिंगपाँग म्हणायचो आणि त्याचा वेगळा रिपोर्ट निघायचा. प्रत्येक उडीला किंमत आहे. दोन टॉवरमध्ये निरोपांची देवाणघेवाण होते, नव्या ठिकाणी जागा राखावी लागते आणि त्या क्षणी आवाज थोडा तुटतो. फोरजीवर आवाज वीस-वीस मिलिसेकंदांच्या तुकड्यांत जातो. उडी नीट बसली तर दोन-तीन तुकडे गळतात आणि कानाला पत्ता लागत नाही. बसली नाही तर "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?"

म्हणून दोन अटी घालतात. शेजारी नुसता वरचढ असून चालणार नाही, ठरावीक फरकाने वरचढ हवा, समजा ३ डेसिबल, म्हणजे जवळजवळ दुप्पट ताकद. आणि तो फरक ठरावीक काळ टिकला पाहिजे, समजा ३२० मिलिसेकंद. तोवर हाच टॉवर बरा. फोरजीच्या नियमावलीत या काळाचे पर्याय छापलेले आहेत, शून्यापासून पाच सेकंदांच्या थोडं वरपर्यंत. त्यातला कुठला घ्यायचा हे कुठला निसर्गनियम सांगत नाही. पुण्यातल्या एखाद्या ऑफिसात ऑप्टिमायझेशनवाला एक्सेलची शीट उघडून बसतो आणि ठरवतो. आम्ही पाठवलेल्या लाल ठिपक्यांवरून त्याने आकडा बदलायचा, मग आम्ही पुन्हा त्याच रस्त्याने जायचं.

हरभट रोडला चालत खरेदी करणाऱ्या माणसाला तो काळ जरा लांबवला तरी चालतो. त्याच दिवशी कोणी सांगलीहून पुण्याच्या रेल्वेगाडीत बसलेलं असतं. ताशी १०० किलोमीटरने धावणारी गाडी ३२० मिलिसेकंदांत नऊएक मीटर पुढे जाते, आणि काळ १२८० ठेवला तर पस्तीस. पस्तीस मीटर म्हणजे फार नाही असं वाटेल. सपाटीवर, भिलवडी-किर्लोस्करवाडीच्या उसातून जाताना, खरंच फार नाही. पण पुढे वाठार-आदर्कीकडे घाटात रूळ वळणं घेतो, मध्येच डोंगराची कडा आड येते आणि चालू टॉवर हळूहळू न विझता एकदम जातो. इथे एक गोम आहे. सोडून जाण्याचा हुकूमही त्याच मरत चाललेल्या दुव्यावरून फोनपर्यंत यायचा असतो. फोनने वेळेवर मोजलेलं असतं, कळवलेलं असतं, टॉवरने उत्तरही पाठवलेलं असतं. ते उत्तर पोचत नाही. लॉगमध्ये हे बघताना मला दर वेळी हळहळ वाटायची. सगळ्यांनी आपापलं काम केलेलं, आणि कॉल गेला. फाइव्हजीच्या नंतरच्या नियमांत यावर तोड काढली आहे: सिग्नल चांगला असतानाच फोनला सांगून ठेवायचं की अमुक परिस्थिती आली तर तमुक टॉवरवर तुझा तू जा, विचारत बसू नकोस. इतकी साधी गोष्ट सुचायला इतक्या पिढ्या का लागल्या, कोण जाणे. बहुधा नेटवर्कवाल्यांना फोनवर विश्वास टाकायची सवय नव्हती.

अशा आकड्यांपायी गेले त्यापेक्षा जास्त कॉल मी यादीपायी गेलेले पाहिलेत. कुठला टॉवर कुठल्या टॉवरचा शेजारी याची यादी असते, आणि टूजीच्या काळात ती हाताने भरायचे. एका सेलला, म्हणजे टॉवरच्या एका क्षेत्राला, जास्तीत जास्त ३२ शेजारी. यादीत नाव नाही तर फोन त्याला मोजणारच नाही, मग तो डोक्यावर उभा का असेना. हरिपूरला संगमावर असंच व्हायचं. कृष्णेला वारणा मिळते ते ठिकाण. अलीकडे सांगली जिल्हा, पलीकडे कोल्हापूर. पाण्यावर लहरींना अडवायला झाड नाही, भिंत नाही, त्यामुळे पलीकडच्या काठावरचा लांबचा टॉवर घाटावर अलीकडच्यापेक्षा दणदणीत लागायचा. संध्याकाळी संगमेश्वराच्या देवळापाशी फोनवर बोलत बसलेला माणूस आपल्या नकळत कोल्हापूर जिल्ह्याच्या टॉवरवर गेलेला असायचा. तिथवर ठीक. बोलत बोलत तो उठून गावाच्या गल्लीत शिरला की पलीकडचा टॉवर घरांच्या आड जायचा, आणि त्या टॉवरच्या यादीत हरिपूरच्या गल्लीतला टॉवर शेजारी म्हणून लिहिलेलाच नव्हता. नदी आड आहे, जिल्हा वेगळा आहे, नकाशावर बघून भरणाऱ्याला ते शेजारी वाटलेच नसणार. कॉल कट.

तक्रार होती "गल्लीत रेंज नाही" अशी. आम्ही गल्लीत गाडी घातली तर सगळं हिरवंगार. तिथे आधीपासून असलेल्या फोनला काही त्रास नव्हता. मग तात्याच म्हणाले, "घाटावरनं या की चालत. माणसं घाटावरनंच येत्यात." एक फोन हातात धरून, लॅपटॉप उघडाच छातीशी घेऊन मी घाटावरून गल्लीत चालत आलो, मागे पोरांचं लटांबर. वळणावर कॉल पडला. शीटमध्ये एक ओळ वाढवली आणि काम झालं. फोरजीपासून ही यादी टॉवर स्वतःच भरू लागले: अनोळखी सेल ऐकू आला की फोनला त्याची ओळख वाचून आणायला सांगायचं आणि नाव नोंदवून घ्यायचं. आमच्यासारख्यांची बरीच कामं त्यात गेली. मला त्याचं फारसं दुःख नाही. ती शीट भरणं हे माणसाचं काम नव्हतंच.

म्हैसाळच्या पुढे कागवाडच्या वाटेवरची गोष्ट मात्र निराळी. तिथे जिल्हा नाही, राज्य संपतं, आणि दूरसंचाराच्या हिशेबात सर्कल संपतं. एकाच कंपनीचं महाराष्ट्रातलं नेटवर्क आणि कर्नाटकातलं नेटवर्क यांचे क्रमांक वेगळे. फोनच्या लेखी ती दोन वेगळी नेटवर्क. रोमिंगला पैसे पडायचे त्या काळात हद्दीवरच्या द्राक्षबागायतदारांनी आम्हाला गाठून गाठून शिव्या दिल्यात. "माणूस म्हैसाळात बसलाय आन् बिल कानडी यायलंय." बरं, कागवाडला जाऊन परत आल्यावर फोन लगेच आपल्याकडे यावा, तर तेही नाही. परक्या सर्कलमध्ये शिरलेला फोन तिथला सिग्नल पुरेसा आहे तोवर तिथेच राहतो. घरचं नेटवर्क आलंय का हे तो मधूनमधून चाचपतो, पण त्याची पाळी सिममध्ये लिहिलेली असते, सहा-सहा मिनिटांच्या पटीत. काहीच लिहिलेलं नसेल तर तासाने एकदा. म्हणजे घरी येऊन हातपाय धुऊन चहा झाला, दोन फोनही झाले, तरी फोन अजून कर्नाटकातच. अंगणात डोक्यावर आपला टॉवर दिसत असताना. लोकांनी त्यावर आपला इलाज काढला होता: फोन बंद करून चालू करायचा, की तो पहिल्यापासून शोधतो आणि बहुतेक वेळा लवकर घरच्या नेटवर्कवर येतो. नियमावली न वाचता त्यांनी नियम ओळखला होता. देशांतर्गत रोमिंगचा भुर्दंड पुढे गेला आणि ही तक्रारही विरली. तासाचं ते गणित तसंच आहे, फक्त आता कुणाला टोचत नाही.

मी आता ते काम करत नाही. घरी बसून दुसऱ्यांचे ॲप नीट चालतात का बघतो. पण सोडण्याची ही भानगड पाठ सोडत नाही, कारण टॉवर बदलण्यापेक्षा जास्त घोळ वायफायवरून बाहेर पडताना होतो. आमच्या सोसायटीच्या फाटकाशी संध्याकाळी भाजीची हातगाडी लागते. मेथीच्या दोन जुड्या घेतल्या, क्यूआर कोडवर फोन धरला, रक्कम टाकली, पिन टाकला, आणि चक्र फिरतंय ते फिरतंय. मागे दोघं जण पिशव्या घेऊन उभे. मावशींनी वजनकाट्यावरून नजरसुद्धा वर केली नाही. "वायफाय बंद करा की. घरातलंच धरून बसलाय त्यो."

शंभर टक्के बरोबर. टॉवरच्या कारभारात निदान नेटवर्क हुकूम देतं. वायफायच्या नियमांत सोडायचं कधी हे सर्वस्वी फोनवर टाकलंय. राउटर फार तर सुचवू शकतो, तेही दोघांना ती भाषा येत असेल तर. प्रत्येक कंपनी आपल्या फोनला आपली मर्यादा शिकवते. ॲपलने तर ती छापून टाकली आहे: एकाच नावाचे अनेक राउटर असतील तर आयफोन उणे ७० डेसिबलच्या खाली गेल्यावर दुसरा शोधायला लागतो, आणि डेटा चालू असेल तर ८ डेसिबलने, नसेल तर १२ डेसिबलने चांगला मिळाला तरच जातो. पण फाटकाशी दुसरा राउटर नसतोच. तिथे फोनला घरच्या राउटरची कुजबुज ऐकू येत असते आणि फोनचा स्वतःचा त्याहून बारीक आवाज राउटरपर्यंत पोचत नसतो. एक दांडी दिसते, म्हणून फोनला वाटतं जोडलेला आहोत.

आणि सोडलं, तरी टॉवर बदलण्याइतकं ते सोपं नाही. मिरज जंक्शनला एके काळी ब्रॉड, मीटर, नॅरो असे तीनही गेज होते. टॉवरवरून टॉवरवर जाणं म्हणजे त्याच रुळावर इंजिन बदलणं. डबा तोच, माणूस झोपलेला असला तरी चालेल. इंटरनेटच्या दृष्टीने तुमचा पत्ता तोच राहतो, कारण तो टॉवरवर नसून कंपनीच्या दूरच्या मध्यवर्ती यंत्रात बांधलेला असतो. वायफाय सोडून मोबाइल डेटावर येणं म्हणजे पुण्याहून मिरजेला उतरून बेळगावकडची मीटरगेजची गाडी पकडणं. पत्ताच बदलतो. इंटरनेटवरची बरीचशी संभाषणं अजूनही चार आकड्यांवरून ओळखली जातात: माझा पत्ता, माझा पोर्ट (म्हणजे त्या पत्त्यावरचं दार), समोरच्याचा पत्ता, समोरच्याचा पोर्ट. यातला एक बदलला की समोरच्याच्या लेखी हा कुणीतरी नवा माणूस. चालू संभाषण तिथेच संपतं, ॲपला सगळं सामान उतरवून पहिल्यापासून जोडणी करावी लागते. पैसे पाठवताना हे अर्ध्यात झालं तर ॲप "प्रक्रिया सुरू आहे" म्हणत का ताटकळतं, ते यावरून लक्षात यावं.

यावर उपाय निघालेले आहेत. एकाच संभाषणाला दोन वाटा देण्याची मल्टिपाथ टीसीपी नावाची पद्धत २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी ॲपलने ती सिरीसाठी वापरली. वायफाय डळमळलं तर मोबाइल डेटाची वाट आधीच तयार. दुसरी क्विक, २०२१ मध्ये प्रमाणित झालेली. तिच्यात संभाषणाला स्वतःचे क्रमांक असतात, पत्त्यावर अवलंबून नसलेले. फोन नव्या पत्त्यावरून त्याच संभाषणाचा आधीच ठरवून ठेवलेला क्रमांक दाखवतो आणि सर्व्हर थोडी खातरजमा करून पुढे चालू ठेवतो. ती मला जास्त पटते, कारण तिने प्रश्न मुळातच बदलला: माणूस कुठून बोलतोय यापेक्षा कोणतं बोलणं चाललंय ते धरा. पण दोन्ही टोकांना ती यावी लागते, आणि तोवर मावशींचा सल्ला लागू.

एक सोडणं असं आहे की जे फोनला करूच दिलं जात नाही. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. टॉवरची वीज गेली, मग बॅटऱ्या उतरल्या, जनरेटरला डिझेल न्यायला रस्ता नाही. गावभागातल्या माझ्या आत्याचा फोन आधी जवळच्या टॉवरवर, मग लांबच्या टॉवरवर, आणि तिथे साऱ्या सांगलीची गर्दी. लागला तर लागला. नंतर स्क्रीनवर "फक्त आपत्कालीन कॉल" एवढंच आलं. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचं कार्ड दुसऱ्या कंपनीचं होतं, त्यांचा चालू होता; आत्या जिना चढून त्यांच्या फोनवरून आम्हाला खुशाली कळवायची.

त्या ओळीचा अर्थ फार थोड्यांना माहीत असतो. तुमच्या कंपनीचा टॉवर नाही, पण दुसऱ्या कुणाचा तरी आहे आणि फोनला तो स्वच्छ ऐकू येतोय. ११२ लावलात तर फोन कार्ड कुणाचं ते बघत नाही, जो मिळेल त्या टॉवरवरून लावतो. मुलाला फोन लावलात तर नाही. यंत्राला दोन्ही सारखंच शक्य आहे, अडवतो तो कंपन्यांमधला व्यवहार. ओडिशाकडे चक्रीवादळ येताना दूरसंचार विभागाने कंपन्यांना ही आडकाठी तात्पुरती काढायला लावलेली आहे. एकाच सर्कलमध्ये एकमेकांच्या टॉवरवर जाऊ देणं, आयसीआर (इंट्रा सर्कल रोमिंग) म्हणतात त्याला. वादळाला जे चालतं ते महापुराला का चालू नये? पूर तर वादळापेक्षा सावकाश येतो, कोयनेतून किती सोडलं आणि इथे कधी पोचेल हे आधी कळतं. आयर्विनला इशारा पातळी ४० फुटांची आहे, धोका पातळी ४५. पाणी ४० ला टेकलं की नदीकाठची माणसं-जनावरं हलवायची तयारी सुरू होते. त्याच वेळी आयसीआर चालू करावं, बॅटऱ्या उतरायची वाट बघत बसू नये. कुणाचे फोन कुणाच्या टॉवरवर आणि पैशांचा हिशेब कसा, हे उन्हाळ्यातच एका बैठकीत बसून ठरवून ठेवता येईल.